बसव्वाची सांदवली

बसव्वा सांदवलीला जाते ती भाकऱ्या करायला, असं आमच्या सगळ्या गल्लीला वाटायचं. तिच्या नवऱ्यालाही तेच वाटायचं. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी काढलेली बाई. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. ती ऐकली नाहीत असं म्हणणार नाही, पण इकडची तिकडे कधी केली नाहीत. त्यामुळे बसव्वाचंही माझ्या पोटात राहिलं.

सांदवली म्हणजे कोकणातलं एक लहानसं बंदर. खाडीच्या तोंडाशी धक्का, धक्क्याला लागलेल्या रंगीत होड्या, वर टेकाडावर पडका किल्ला आणि खाली नारळीच्या आडून दिसणारी कौलं. फोटोत फार सुंदर येतं. सोलापुरातल्या आमच्या सात रस्त्याच्या मागच्या गल्लीतून वर्षातून दोन-तीनदा कुमारची गाडी तिकडे जाते. हा कुमार मूळचा अक्कलकोटचा. आधी स्वामींच्या दर्शनाला भाविक ने-आण करायचा. मग म्हणाला, देवाला लोक आपापले जातात, समुद्राला न्यायला माणूस लागतं. त्यानं टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि मागच्या चाकावरची, सगळ्यात जास्त आदळणारी सीट बसव्वाला दिली.

भाकरीवाली बरोबर कशाला, असं बाहेरच्यांना वाटेल. सोलापूरकरांना वाटणार नाही. आमचं माणूस जगाच्या पाठीवर कुठंही गेलं तरी दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला ज्वारीची भाकरी आठवते. समोर भाताचा डोंगर आणि नारळाच्या रसातली आमटी आली की तोंडं उतरतात. कुमारच्या पहिल्याच ट्रिपला लोकांनी लॉजवर कुरकुर केली, तेव्हा त्यानं हा तोडगा काढला. पोचेपर्यंत खायला डबाभर कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि तिथं लॉजच्या मागच्या अंगणात बसव्वाच्या हातची ताजी भाकरी. कडक भाकरी करावी तर बसव्वानं. पापडाइतकी पातळ, मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत भाजलेली, हातात घेतली की वाजणारी.

कुमारनं विचारलं तेव्हा बसव्वानं आधी नाहीच म्हटलं होतं. मग त्यानं गावाचं नाव सांगितलं. नाव ऐकून ती लगेच हो म्हणाली.

अंकिता तिची एकुलती एक लेक. सोलापुरातल्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात नोकरीला होती. तिथं मशीनवर काम करणारा हेमंत चोगले म्हणून एक मुलगा होता, सांदवलीच्या कोळ्याचा. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि मग घरी सांगितलं. प्रभुलिंग, म्हणजे बसव्वाचा नवरा, चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात आयुष्य काढलेला माणूस. गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय चहा नाही, घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. मासे मारणाऱ्याच्या घरी लेक गेली म्हटल्यावर त्यांनी आदळआपट केली नाही. ते फक्त म्हणाले, "या घरात तिचं नाव निघायचं न्हाय." आणि ते निघालं नाही. मुलगा कोकणातला, एवढंच त्यांना ठाऊक होतं. गावाचं नाव त्यांनी विचारलं नाही, बसव्वाला मात्र लेकीनं ते सांगितलं होतं. माणूस इतका हट्टी असतो, आणि त्या हट्टाचाच बसव्वाला उपयोग झाला.

मला कळलं ते माझ्या पहिल्या ट्रिपला. सगळे बोटीतून डॉल्फिन बघायला गेले. मला पाणी नुसतं बघून मळमळतं, म्हणून मी लॉजवरच थांबले. मागच्या अंगणात गेले तर चुलीपाशी बसव्वा, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून एक मोठी बाई झोपलेली. बसव्वाचा एक हात पिठाचा होता, दुसऱ्यानं ती तिचे केस सोडवत होती.

"अक्का, अंकी हाय," एवढंच ती म्हणाली.

या अंकीला मी फ्रॉकात पाहिलेली. मी काही न बोलता आत गेले आणि दाराशी खुर्ची टाकून बसले, म्हणजे कुणी लवकर परतलं तर मला आधी दिसावं. तेव्हापासून प्रत्येक ट्रिपला माझं ते कामच झालं. घरी माझ्या मोबाइलवर मायलेकी बोलायच्या, तोंड बघायच्या. पण फोनवर केस सोडवता येत नाहीत, असं बसव्वा म्हणायची.

आता त्या प्रवाशांबद्दल सांगते, कारण त्यांना मी पुरती कंटाळले आहे. आमची माणसं समुद्र बघायला जातात म्हणजे काय करतात? माळशिरसला चहा. घाटात उलट्या. समुद्र दिसला की सगळे एकदम ओरडतात, आणि त्यात एक तरी जण हमखास म्हणतो, "एवढं पाणी, आन् आमी तितं नळाची वाट बघत बसतोय." प्रत्येक ट्रिपला हे वाक्य येतं आणि प्रत्येक ट्रिपला गाडीभर लोक हसतात. मग धक्क्यावर वाळत घातलेल्या मासळीचा वास येतो. निम्म्या बायका पदर नाकाला लावतात आणि निम्म्या विचारतात की पापलेट कुठं मिळेल. किल्ल्यावर अर्ध्यात बसकण मारतात. संध्याकाळी लिलाव बघतात आणि भाव ऐकून उगाच हळहळतात. दुसऱ्या दिवशी वाळूनं भरलेल्या चपला गाडीत. सुंदर ठिकाणाला माणसं किती लवकर कंटाळतात, ते सांदवलीत बघावं. गावातले लोकही आम्हाला कंटाळले असणार. ते तसं दाखवत नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

आणि बसव्वा? साठी उलटलेली, गुडघे गेलेले, मागच्या सिटावर प्रत्येक खड्ड्याला "यव्वा" म्हणणारी. पोचल्यावर लोक पाय पसरतात, तर हिनं लगेच चूल पेटवायची. एवढ्या वर्षांत तिनं किल्ला पाहिला नाही. धक्क्यावर ती एकदाच गेली, तीसुद्धा मी ओढून नेली म्हणून. "बघितलं की," म्हणाली आणि परत फिरली. समुद्राशी तिला काही देणंघेणं नव्हतं. लोक बोटीत असतात तेवढा वेळ तिचा. त्यासाठी सगळा घाट, सगळे खड्डे. त्या वेळेत ती लेकीचं डोकं बघायची, तिला खायला घालायची आणि तिचं ऐकायची.

ऐकण्यासारखं बरंच होतं. हेमंत भला मुलगा, पण सोलापूर सोडून गावी आल्यापासून तो बोटीवर. घरात सासू आणि दोन जावा. सगळ्या पहाटे धक्क्यावर जातात, मासळी निवडतात, टोपल्या घेऊन बाजार धरतात. अंकिताला ते जमेना. वासानं तिला उलट्या व्हायच्या. पुढे वास सोसायला शिकली, पण हाताला मासा लागला की हात मागे यायचा. सासू वाईट नव्हती, फक्त बोलायची, "आमची सोलापूरची बाहुली, कपाटात ठेवायची." रोज ऐकलं की हसून बोललेलंही टोचतं.

"मला तितं कायच येत न्हाय, अव्वा," अंकिता म्हणायची. बसव्वा तिची वेणी जरा जास्तच घट्ट घालायची.

गेल्या डिसेंबरातली ट्रिप. गाडीत सयाजीराव म्हणून एक नवे गृहस्थ होते, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे. सगळ्या रस्ताभर ते कुमारला गाडी कशी चालवावी ते सांगत होते. सांदवलीला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सगळे किल्ल्यावर आणि मग बोटीवर जायचे होते. परत आल्यावर लगेच जेवण, म्हणून बसव्वानं ठरवलं होतं की दुपारी कडक भाकरी वाढायची आणि ताज्या रात्रीला करायच्या. कडक भाकरीचा मोठा पत्र्याचा डबा ती लेकरासारखा जपते. कागद, त्यावर फडकं, त्यावर झाकण, आणि वाढायच्या वेळेपर्यंत तो उघडायचा नाही, हा तिचाच नियम.

लोक गेले. अंकिता आली. मी दाराशी बसले होते, मला मागचं बोलणं ऐकू येत होतं.

"अव्वा, कडक भाकरी हाय का गं? कवापासून खाल्ली न्हाय."

बसव्वानं डबा उघडला. अंकितानं भाकरी कडाकड मोडून चटणीबरोबर खाल्ली. मग दुसरी घेतली. आणि खाता खाताच रडायला लागली. सासू त्या आठवड्यात काही जास्त बोलली होती, जावांच्या देखत. बसव्वा तिला जवळ घेऊन बसली. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही. मी पण दाराकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत होते. त्या दोघींना बघून मलाही वाईट वाटत होतं, आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही.

डबा मात्र उघडाच राहिला. खाडीवरून वारा येत होता.

लोक भुकेनं परतले. पंगत बसली. पिठलं वाढलं, चटणी वाढली, भाकरी वाढली. सयाजीरावांनी भाकरी उचलली, मोडायला गेले, तर ती मोडेचना. चामड्यासारखी वाकली.

"ओ कुमार, ही काय कडक भाकरी म्हणायची? लई जाहिरात केलीस की!"

सगळ्यांनी आपापली भाकरी वाकवून बघितली. कुणी हसलं, कुणी तोंड वाकडं केलं. लॉजच्या मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "सादळली हो ती. डबा उघडा राहिला असणार."

बसव्वानं माझ्याकडे बघितलं. "सादळली म्हंजी काय, अक्का?"

तिला हा शब्द माहीत नव्हता. कसा असणार? आमच्याकडे काही सादळत नाही. आमच्याकडे वाळतं. दोरीवरचं वाळतं, विहिरीतलं वाळतं, ओठ वाळतात. मी तिला सांगितलं, हवेतला ओलावा शिरून मऊ पडली. डबा कशामुळे उघडा राहिला, हे आम्हा दोघींना माहीत होतं आणि कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

सयाजीराव थांबले असते तर ते सयाजीराव कसले? "अरे, ह्या म्हातारीला एवढ्या लांबनं आदळत आणायची, आन् वर मऊ भाकरी खायची. त्यापरीस हितंच कोणतरी बाई बघ की, गरम गरम टाकून देणारी. एक सीट पण मोकळी हुईल."

आणि कुमारला ते पटलं. मला राग आला तो याचाच की बोलणं खरं होतं. कुमार वाईट माणूस नाही. तो अंगणात आला, चुलीपाशी उकिडवा बसला आणि बसव्वाशी मऊपणानं बोलला.

"मावशी, राग मानू नका. तुमचे गुडघे बघतोय मी. चढताना दोघांनी धरावं लागतंय तुमाला. हितं ज्वारीची भाकरी करणारं कोण मिळालं तर बरं हुईल. पण ह्या लोकांना तांदळाचीच येती. मिळायचं न्हाय म्हणा कोण." मग जरा थांबून म्हणाला, "न्हाय मिळालं तर चालूच ठेवू आपलं. तुमीच या."

म्हणजे बसव्वानं फक्त गप्प राहायचं होतं. तिची सीट तिची राहिली असती. मी मनातल्या मनात तिला सांगत होते, बोलू नको, बाई, गप्प राहा. आमच्या नोकरीत हे पहिलं शिकवतात.

बसव्वा चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "हाय एक."

"कोण?"

"चोगल्यांच्या घरात सून हाय. आपल्याकडचीच हाय. चांगली करती भाकरी. कडक बी करती."

"तुमाला कसं ठावं?"

"भेटली हुती हितं. बोलणं कळलं, आपलंच हाय म्हणून."

कुमार जुळे सोलापुरात, म्हणजे शहराच्या नव्या भागात राहतो. आमच्या गल्लीतलं जुनं त्याला काही माहीत नाही. तो खूश होऊन गेला आणि संध्याकाळी परत आला तो सगळं ठरवूनच. सून तयार आहे, सासूसुद्धा तयार आहे. सासू म्हणाली म्हणे की आमच्या अंगणातच करील, तुमची माणसं इथंच जेवायला आणा. पीठ मात्र सोलापूरहून पोचवायचं. कुमार हसत हसत बसव्वाला म्हणाला, "मावशी, आता तुमी सुटला. घरात बसून आराम करायचा."

"व्हय," बसव्वा म्हणाली.

परतीच्या रस्त्याला मी मागच्या सिटावर तिच्याशेजारी जाऊन बसले. माझं हाडन्हाड खिळखिळं झालं तेव्हा मला समजलं की ही इतकी वर्षं कशी येत होती. घाट संपेपर्यंत मी दम धरला. मग विचारलंच.

"का सांगितलंस? गप्प बसली असतीस तर?"

"गप्प बसून काय, अक्का? माजं काय ऱ्हायलंय? अजून एखादी-दुसरी ट्रिप. मग ह्ये गुडघे मला चढू देतील का गाडीत?" तिनं खिडकीबाहेर बघितलं. "तिला त्या घरात काय येत न्हाय म्हणत्यात. भाकरी येती की. आता सोलापूरची माणसं येऊन तिला इचारतील, बाई, अजून एक वाढा. सासूला ऐकू जाऊ दे."

"आणि तू?"

तिनं डोळे मिटून खिडकीला डोकं टेकलं. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाली, "म्या तिला सांगितलं न्हाय. की आता मी येणार न्हाय म्हणून. तुमीच सांगा फोनवर. माज्याच्यानं हुणार न्हाय."

मी सांगितलं. ते कसं सांगितलं आणि पलीकडून काय ऐकलं, ते मी इथं लिहिणार नाही. ते त्या दोघींचं आहे.

पुढची ट्रिप फेब्रुवारीत गेली. मी गेले नाही. बसव्वा नाही तर मी दाराशी बसून करू काय? सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली तेव्हा बसव्वा घराबाहेर आली नाही. तिनं कुमारकडे पिठाची गोणी आदल्या दिवशीच पोचवली होती. दळून आणून, स्वतः चाळून. त्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे गेले तर ती पडून होती. ताप नव्हता, काही नव्हतं. "दमल्यागत झालंय," म्हणाली. सांदवलीला जाऊन येऊन कधी दमत नव्हती ती. न गेल्यानं दमली.

गाडी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी कुमार तिच्या घरी आला. मीही तिथंच होते. प्रभुलिंग कॉटवर बसून सुपारी कातरत होते. कुमारला चहा दिला. तो मनापासून खूश होता.

"मावशी, मानलं तुमाला. काय बाई शोधून दिलीत! लोकांनी बोटं चाटली. अन् खरं सांगू का, भाकरी अगदी तुमच्या हातची. तसाच आकार, तसंच कडंला बोटाचं वळण. मी तर म्हटलं, मावशी हितं कुटं आल्या! तिची सासू तर आमच्या पंगतीत फिरून फिरून सांगत हुती, माज्या सुनंनं केल्यात म्हणून." त्यानं कप खाली ठेवला. "पण मावशी, तुमच्या हातासारखा हात कसा काय हो तिचा? कोण हाय ती?"

सुपारीचा आवाज थांबला. मी बसव्वाकडे बघितलं. इतकी वर्षं जी गोष्ट ती दातांखाली धरून होती, ती कशासाठी, हे मला त्या क्षणी नीट समजलं. नवऱ्याला कळलं असतं तर जाणं बंद झालं असतं, एवढीच तिला भीती होती. आता जाणंच राहिलं नव्हतं.

"माजी लेक हाय ती," बसव्वा म्हणाली. "अंकिता."

कुमार एकदा तिच्याकडे, एकदा प्रभुलिंगकडे बघायला लागला. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्याला काय ते उमगलं असावं. घाईनं उठला, येतो म्हणाला आणि गेला. मीही उठायला हवं होतं, पण उठले नाही.

प्रभुलिंगांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांचा आवाज आला तो एकदम लहान होता.

"म्हंजी तू इतकी वर्सं भाकऱ्या करायला जात न्हवतीस?"

"भाकऱ्या करतच हुते की. पर त्याच्यासाटी न्हवते जात."

त्यांनी कातरलेली सुपारी पुन्हा डब्यात टाकली. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तिला कुणी लाथा मारत होतं. मग, आता कळलेलं असूनही, त्यांनी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं, "गावाचं नाव काय?"

"सांदवली."

"बरी हाय का?"

बसव्वा उठली. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून, जशी ती गाडीत चढायची तशी उठली. तिनं कुमारचा कप उचलला.

"मला इचारू नगा," ती म्हणाली. "मी लई दमले. आता तुमी जावा तिच्याकडं."